ईं म्हणजे दगड हाती आला

दगड हातातून हातात द्यायचा तर गाणं लागतं. किआती नदीच्या काठी हे कुणाला शिकवावं लागत नाही. वर टेकडीवर दगड फुटतो, तिथून खाली पात्रापर्यंत बायकांची रांग लागते, आणि दगड असा उतरत जातो की जणू तोच आपल्या पायांनी नदीला निघालाय. म्होरकी एक ओळ टाकते, आणि जिच्या हाती दगड आला ती म्हणते, ‘ईं’. घरात, बाजारात ‘ईं’ म्हणजे नुसतं ‘हो’. रांगेत तसं नाही. रांगेत ‘ईं’ म्हणजे दगड माझ्या हाती आला, आता तू सोड. तो ऐकल्याशिवाय देणारीने बोटं सैल करायची नाहीत. ज्यांनी केली त्यांनी आपापल्या अंगठ्याला विचारावं.

कावाता अकरा वर्षं या रांगेची म्होरकी होती. अंगाने वाळक्या तुरीच्या काडीसारखी, साठीला टेकलेली. पण गळा असा, की ओळ टाकली तर पलीकडच्या टेकडीवरची गाढवंही कान टवकारत. तो गळा तिला मुसेंबी पाळकांनी दिला. म्हणजे दिला देवानेच, पण वापरायला शिकवलं पाळकांनी. त्यांचा उपदेश म्हणजे कीर्तनच असायचं. बोलता बोलता चाल धरायचे, मोशेने खडकावर काठी मारली इथपर्यंत आले की थांबायचे, आणि सगळ्या चर्चभर नजर फिरवून विचारायचे, “मग? पाणी आलं का?” तेव्हा कावाता लहान होती. पहिल्या बाकावरून ती एकटीच ओरडायची, “आलं!” लोक हसायचे. पाळक हसायचे नाहीत. म्हणायचे, “हिने पाहिलं बरं का. तुम्ही नुसतं ऐकलंत.”

पाळक गेले, पण तिचं ते ‘आलं’ राहिलं. सगळ्यांनी मिळून करायच्या इर्जिकीच्या कामात, ज्याला इथे म्वेथ्या म्हणतात, ते तिने पुरेपूर वापरलं. पात्रात आडवी भिंत घालायची. पावसात नदी वाळू आणते आणि भिंतीमागे भरते. त्या वाळूच्या पोटात पाणी दडून राहतं. ऊन त्याला पीत नाही, गुरं त्यात पाय घालत नाहीत. उन्हाळ्यात हातभर झिरा खणायचा आणि तांब्या बुडवायचा. पंधरा गावांनी मिळून असे चौदा बांध घातले. कुणी बाहेरून येऊन घातले नाहीत. पंधरावं गाव तेवढं राहिलं होतं. त्याचं नाव इव्हिया, आणि ते कावाताचं.

ते शेवटी राहावं, हेही तिनेच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी कुणाच्या गावापासून सुरुवात करायची यावरून हमरीतुमरी झाली, तेव्हा ती उठून म्हणाली होती, “पाहुण्यांना वाढून झालं की मग घरची बाई ताट घेते. माझं गाव शेवटी.” त्यावर टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणं सोपं असतं. त्यानंतर अकरा वर्षं इव्हियाच्या बाया रोज दोन तास चालून खालच्या गावाच्या झिऱ्यावर जात होत्या, आणि तिथल्या बायांचं ऐकून घेत होत्या, “आज पुन्हा आलात का गं? आमच्या वाळूला भोक पाडाल.”

यंदा मात्र ते संपणार होतं. पुढच्या दहा वर्षांचा बेत ठरवायला पंधरा गावांचा मेळावा भरणार होता, आणि बेतातलं पहिलं कलम इव्हियाचा बांध. गावाच्या वर, जिथे नदी दोन कड्यांमधून निघते, तिथे पात्रात सलग काळा खडक आहे. बांधाला त्याहून चांगला पाया प्रभूनेही घातला नसता.

मेळावा शाळेच्या पटांगणात, गोरखचिंचेखाली होता. कावाता तीन जणींना घेऊन सकाळीच पोचली. दोन तिच्या धाकट्या जावा, आणि तिसरी न्दुकू. न्दुकूचा गळा गाढवाचा आणि जीभ विळ्याची. रांगेत तिला नेहमी शेवटी उभं करत, म्हणजे तिचा ‘ईं’ नदीलाच ऐकू जावा.

“आल्या, वरच्या बाया आल्या!” खालच्या गावची एक ओरडली. “आता बांध झाला की आमच्याकडे कशाला याल?”

“तुझा चहा प्यायला येऊ,” न्दुकू म्हणाली. “अकरा वर्षं पाणी दिलंस, त्यात साखर कधी घातली नाहीस.”

हशा पिकला. चुलीवर मका आणि पावट्याचं मोठं पातेलं रटरटत होतं. कावाता सगळ्यांना भेटत, हात हातात घेत पुढे आली, तोच न्थेन्याने तिला मिठी मारली.

न्थेन्या ही पंधरा गावांच्या संघाची सेक्रेटरी. चाळिशीची, अंगाने भरलेली, डोक्याला नेहमी पिवळा रुमाल. पहिल्या बांधाच्या वेळी ती नवी सून होती, लाजरी, दगड झेलताना डोळे मिटणारी. कावाताने तिला शेजारी उभं केलं, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, दुसरा आवाज कसा लावायचा ते शिकवलं. चर्चमध्येही दोघी एकाच बाकावर. कावाताची ओळ संपायच्या आत न्थेन्याची झील तिला खालून उचलायची. लोक म्हणत, या दोघींच्या घशात एकच भाकर आहे.

“इकडे ये, म्वाइतू, पुढे बस,” न्थेन्या म्हणाली. म्वाइतू म्हणजे माझी आई. वडीलधारीला असंच म्हणतात. तिने स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता.

“काय गं, आज लग्न आहे का माझं?” कावाताने विचारलं.

न्थेन्या हसली. पण तिने डोळ्याला डोळा दिला नाही. कावाताला वाटलं, कामाची धावपळ आहे, रात्री झोप नसेल झाली पोरीला.

अध्यक्ष किथोमे म्हातारबुवांनी प्रार्थना म्हटली. मग सहा बांधांना तडे गेलेत, वाळू आहे पण पाणी राहत नाही, ही चिंता मांडली. मग रोपवाटिका. मग शाळेतली मुलं बांधावर गुरं चारतात ती तक्रार. इव्हियाचं नाव काही निघेना. न्दुकू कावाताच्या कानाशी लागली, “पहिलं कलम म्हणे! तळाशी गेलं वाटतं, पातेल्यातल्या पावट्यासारखं.”

“धीर धर,” कावाता म्हणाली. “गोड शेवटी वाढतात.”

मग किथोमेबुवा म्हणाले, पाहुणे काही दाखवणार आहेत, सगळ्यांनी वर्गात चला.

पाहुणा म्हणजे ओबीरो. तिशीतला, हसऱ्या तोंडाचा, दूर मोठ्या तळ्याकडच्या मुलखातला माणूस. त्याला इथली बोली येत नव्हती, स्वाहिलीत बोलायचा. टेकडीमागे अव्होकाडोची नवी मोठी बागायत झाली होती, तिथे तो लोकांशी बोलाचालीच्या कामावर होता. महिन्यापूर्वी तो मोबाईल घेऊन इव्हियाच्या खडकावर आला होता, तेव्हा न्थेन्यानेच सांगितलं होतं, इथेच रांग लावून आपल्या कामाची फिल्म काढायचीय, दूरच्या लोकांना दाखवायला. गाणंही तिनेच नवं आणलं होतं. ओळी वाचून दाखवल्या तेव्हा कावाताचे डोळे भरून आले होते. खडक, धनी, वर चढणारं पाणी! तिला वाटलं, पोरगी आपल्या पाळकांच्या उपदेशातून ओळी काढायला शिकली. आपलं शिकवणं फळाला आलं.

वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. पडद्यावर चित्र आलं. कावाता स्वतःलाच दिसली, इव्हियाच्या काळ्या खडकावर उभी, हात वर, तोंड उघडं. मागे रांग, शंभरेक बाया.

*खडक कुणाचा?*
*ईं!*
*खडक धन्याचा!*
*ईं!*
*धन्याचा खडक धन्याला!*
*ईं!*
*वर चढू दे पाणी, वर!*
*ईं!*

काय आवाज लागला होता त्या दिवशी! वर्गातल्या बाया नकळत डोलू लागल्या. चित्राखाली इंग्रजी अक्षरं सरकत होती. ती वाचणाऱ्या पोरीबाळी तिथे दोन-चारच होत्या, आणि त्या एकदम गप्प झाल्या.

फिल्म संपली. ओबीरो उठून टाळ्या वाजवू लागला. “इव्हिया गावचे आभार!” तो म्हणाला. “मी पुष्कळ गावं फिरलो, पण गाऊन संमती देणारं गाव पहिल्यांदा पाहिलं. आमचे मालकही रडले हो फिल्म पाहून. खडकाजवळ आमचं पाणी अडवायचं काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. पाणी पंपाने टेकडीवर चढेल. बदल्यात तुमचे चौदा बांध आम्ही नवे करून देऊ. आणि इव्हियात नळ. आई, तुम्ही फार सुंदर गायलात.”

ही ‘आई’ म्हणजे आपण, हे कावाताला कळायला वेळ लागला. बाकीचं त्याआधी कळलं होतं.

“कसली संमती?” ती म्हणाली.

“हीच की,” ओबीरोने पडद्याकडे हात केला. “खडक धन्याचा, धन्याला देऊ, असं तुम्ही म्हणालात. आणि सगळ्यांनी हो म्हटलं.”



“बाबा रे,” कावाता सावकाश म्हणाली, “धनी म्हणजे वरचा. ज्याने खडक केला तो. तुझा मालक नव्हे.”

ओबीरोने न्थेन्याकडे पाहिलं. न्थेन्याने हातातल्या वहीकडे.

तेव्हा न्दुकू उठली. “साहेब, तुमचं नाव काय?”

“ओबीरो.”

“बरं. आता मला विचारा, माझं नाव काय.”

“तुमचं नाव काय?”

“हो!” न्दुकू म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ओबीरोही हसला.

“हसताय ना? मग ‘खडक कुणाचा’ याला आम्ही ‘हो’ म्हटलं, तेव्हा तुम्हाला हसू नाही आलं? अहो, तो ‘हो’ नव्हे. दगड आला, सोड, एवढंच ते. आम्ही रांगेत ‘तुझ्या सासूला बिबट्याने न्यावं’ असंही गातो, आणि ‘ईं’ म्हणतो. सासवा अजून जिवंत आहेत!”

ओबीरोचं हसू उतरलं. “मला ही बोली येत नाही,” तो म्हणाला. “मी यांना विचारलं होतं. ‘ईं’ म्हणजे काय म्हणून. यांनी सांगितलं, हो.”

परक्याला ठाऊक नसेल, त्याचा काय दोष? ज्या पोरीला रांगेतला पहिला ‘ईं’ कावाताने शिकवला, आणि तिचं पाऊल दगडाखाली सापडू नये म्हणून महिनाभर तिच्यापुढे स्वतः उभी राहिली, तिला तर अर्थ ठाऊक होता. मुसेंबी पाळक म्हणत, चोराने कुलूप तोडलं तर दार चोराला शिव्या घालतं, घरच्याने किल्ली दिली तर दार कुणाला शिव्या घालणार?

“न्थेन्या,” कावाताने हाक मारली. आवाज चढवला नाही. “इकडे बघ.”

न्थेन्याने पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यात लाज नव्हती असं नाही, पण लाजेपेक्षा हट्ट जास्त होता.

“सहा बांध गळतायत, म्वाइतू,” ती म्हणाली. “पुढच्या पावसात आणखी दोन फुटतील. सिमेंट कुठून आणायचं? गाऊन येतं का सिमेंट? चौदा गावांचं भलं एका बाजूला आणि एक खडक एका बाजूला. तू असतीस माझ्या जागी तर?”

“तर मी विचारलं असतं.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग नाही म्हणाले असते. त्यात काय बिघडलं असतं?”

“तू नाही म्हणालीस की सगळे नाही म्हणतात!” न्थेन्याचा आवाज फुटला. “अकरा वर्षं हेच चाललंय. तू ओळ टाकायची आणि पंधरा गावांनी मान डोलवायची. हिशोबी डोक्याने कधी कुणी विचार केला? आणि इव्हियाला नळ मिळतोय की! दारात नळ!”

“त्याची तोटी कुणाच्या हातात?” न्दुकूने विचारलं.

न्थेन्याने वही छातीशी धरली.

“अगं, सांग की. तोटी कुणाच्या हातात?”

“बागायतीच्या,” ओबीरोनेच सांगितलं. तो आता पुरता घामाघूम झाला होता.

कावाता किथोमेबुवांकडे वळली. म्हातारबुवा आपल्या बुटांच्या नाड्या न्याहाळत होते, जणू त्या आजच पाहिल्या. “तुम्हालाही ठाऊक होतं?”

“कार्यकारिणीला ठाऊक होतं,” म्हातारबुवा म्हणाले. “तू कार्यकारिणीत नाहीस, कावाता. तूच म्हणाली होतीस, गाणाऱ्याने खुर्चीवर बसू नये.”

हे खरं होतं. खऱ्यासारखं दुसरं काही बोचत नाही.

ओबीरो वर्गाच्या मधोमध आला. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “आई, ती फिल्म संमती म्हणून मीच पाठवली. ती संमती नसेल तर आत्ता इथे सांगा. मी त्याचीही फिल्म काढतो आणि दोन्ही पाठवतो. पण लोकांनी सांगायला हवं. एकट्या तुम्ही नव्हे.” मग प्रामाणिकपणे त्याने हेही जोडलं, “संमती गेली तर बांधांची दुरुस्तीही जाईल. ते लपवून ठेवत नाही.”

सगळे बाहेर पटांगणात आले. ऊन डोक्यावर होतं. ओबीरोने मोबाईल उंच धरला. कावाता गोरखचिंचेच्या बुंध्याशी उभी राहिली. समोर त्याच बाया, तेच चेहरे. तिसऱ्या रांगेत सिओंथी होती. तिची बोटं दगडाखाली चिरडली तेव्हा कावाताने आपल्या अंगावरचं कापडच फाडून पट्टी बांधली होती. तिच्यामागे दोघी बहिणी होत्या, ज्यांच्या आईच्या अंत्यविधीला कावाता रात्रभर गायली होती. तिला प्रत्येकीचा ‘ईं’ वेगळा ओळखू यायचा. कुणाचा नाकात, कुणाचा पोटातून.

तिने श्वास घेतला आणि ओळ टाकली.

“खडक इव्हियाचा!”

कुणी बोललं नाही.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पावसात झालं नव्हतं, उपाशीपोटी झालं नव्हतं. ओळ गेली आणि परत आली नाही. तिला क्षणभर खरंच वाटलं, आपला आवाज बसला असेल. तिने खाकरून पुन्हा टाकली.

“खडक इव्हियाचा!”

सिओंथीचं तोंड उघडलं. मग तिने वळून आपल्या गावच्या प्रमुखाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. त्यांचा बांध गळणाऱ्या सहांपैकी होता. दोघी बहिणींनी माना खाली घातल्या. कुणीतरी पोराला पाजायला घेतलं. कुणाला चुलीची आठवण झाली. न्थेन्या रांगेच्या टोकाला उभी होती, आणि जे झील धरण्यात सगळ्यांत पुढे असायचे ते तिचे ओठ पांढरे पडले होते. मघाशी म्हणाली होती, तू नाही म्हणालीस की सगळे नाही म्हणतात. हे चुकलेलं पाहून तिला बरं वाटलं का वाईट, ते देव जाणे.

कावाताला राग यायला हवा होता. तिला आधी दया आली, कारण ती चेहरे वाचू शकत होती आणि प्रत्येक चेहऱ्यामागे एक घर होतं, एक रिकामं भांडं होतं. मग त्या दयेखालून काहीतरी थंड वर आलं. या बायांच्या दारात पाणी यावं म्हणून मी अकरा वर्षं माझ्या बायांना तहानलेलं ठेवलं. पाहुणे जेवले, उठले, आणि जाताना ताटही घेऊन गेले.

तिसऱ्यांदा ती गायली नाही. ती नुसतं म्हणाली, “खडक इव्हियाचा.”

“ईं!” मागून न्दुकू ओरडली. बेसूर, फाटका. जावांनीही म्हटलं, एक पुढे, एक मागे.

ओबीरोने मोबाईल खाली घेतला. “चार आवाज,” तो म्हणाला. “मी पाठवतो. पण खरं सांगू? आमच्या कचेरीत नुसता आवाज चालत नाही. मागचा चालला तो सेक्रेटरींची सही सोबत होती म्हणून. शुक्रवारपर्यंत इव्हियाच्या घराघरातून नावं आणि अंगठे आणा. पत्रावर. मग त्यांना कामाच्या मंजुरीचा कागद थांबवावाच लागेल. शुक्रवारनंतर माझ्या हातात काही नाही.”

“आज मंगळवार,” धाकटी जाऊ म्हणाली.

“मग इथे जेवत कशाला बसायचं?” न्दुकू म्हणाली आणि चालू लागली.

चौघी फाटकापर्यंत आल्या तोच मागून धावत्या पावलांचा आवाज आला. न्थेन्या होती. न्दुकूने रस्ता अडवला. “काय राहिलं? आमची गाढवं न्यायचीत?”

“जाऊ दे तिला,” कावाता म्हणाली.

न्थेन्याला दम लागला होता. “मी स्वतःसाठी काही घेतलं नाही,” ती म्हणाली. “बायबलवर हात ठेवून सांगते.”

“ठाऊक आहे.”

“मग असं का बघतेस?”

“घेतलं असतंस तर बरं होतं, पोरी. लोभाला मी क्षमा केली असती, लोभ सगळ्यांनाच होतो. तू मला न विचारता माझ्याच तोंडून बोललीस. देवाचं नाव घेते म्हणून मी ज्या ओळी गायले, त्यात तू दुसऱ्याच धन्याचं नाव लिहून ठेवलं होतंस. आता मी चर्चमध्ये ‘धनी’ म्हणेन तेव्हा मला कोण आठवणार, सांग?”

न्थेन्या रडू लागली. कावाताचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे गेला, आणि पिवळ्या रुमालापाशी थांबला. तिने तो मागे घेतला. तो मागे घेताना तिला जेवढं दुखलं तेवढं वर्गात दुखलं नव्हतं.

“रविवारी बाकावर माझ्याशेजारी बसशील ना?” न्थेन्याने विचारलं.

“बाक प्रभूचा आहे. तू बस. मला जागा झाली तर मीही बसेन.”

वर चढायला दोन तास लागतात. अर्ध्या वाटेवर, जिथे मोबाईलला रेंज येते, तिथे जावेच्या मोबाईलने टिंग केलं. मग पुन्हा. मग थांबेचना. तिने उघडून पाहिलं आणि कावाताच्या हातात दिला. तीच फिल्म. मेळाव्यातल्या कुणीतरी पाठवली होती, आणि गावातल्या गावात ती फिरत होती. वर्गात झालेलं त्यात नव्हतं. न्दुकूचा विनोद नव्हता, पटांगणातले चार आवाज नव्हते. फक्त कावाता, हात वर करून, आपल्या गावचा खडक देत होती.

“बरं झालं,” न्दुकू म्हणाली. “आपले पाय दुखले तरी बातमी थकली नाही.” पण ती हसली नाही.

इव्हियाचं पहिलं घर काम्बुआचं. ती विधवा, चार लेकरांची आई, आणि पाण्याच्या वाटेवर तिचं पाचवं पोटातच गेलं होतं. ती अंगणात उभी होती. तिच्या हातातल्या मोबाईलमधून कावाताचाच आवाज येत होता. धन्याचा खडक धन्याला. ईं.

कावाता कुंपणापाशी थांबली. न्दुकूने पुढे होऊन वाटेत जावेकडून लिहून घेतलेला कागद दाखवला. “काम्बुआ, अंगठा दे बाई. शुक्रवारच्या आत...”

“कशावर?”

“खडक आम्ही दिला नाही, असं.”

“हिने दिला की.” काम्बुआने मोबाईल पुढे केला. “हा आवाज हिचा नाही का? मग कुणाचा? अकरा वर्षं म्हणत होती, शेवटी आपलं ताट. आम्ही ऐकलं. लेकरांच्या घशाला कोरड पडली तरी ऐकलं, कारण हिच्या तोंडून आलं होतं. आता हीच गाऊन देते आणि हीच अंगठा मागते? उद्या या कागदातून काय निघेल कुणास ठाऊक!”

न्दुकूने जीभ उगारली होती, पण कावाताने तिच्या दंडाला धरलं.

बाईचं काय चुकलं? तिने फसवणूक ऐकली होती, आणि ती कावाताच्या आवाजात होती. दुसऱ्या कुणाच्या नव्हे. कावाताला एकदम जाणवलं, की आज दिवसभर ती आपल्याशी झालेला दगाच मोजत होती. पण या अंगणातून पाहिलं तर दगा देणारी तीच होती, आणि पुढची एकोणचाळीस अंगणंही असंच पाहणार होती. न्थेन्याने नुसता खडक नेला नव्हता. तिचा शब्द नेला होता. तो परत मिळवायला तीन दिवस होते.

“मी सांगते,” कावाता म्हणाली. तिच्या ओठावर आपोआप चाल आली, तीच जुनी, उपदेशाची, लोकांना जवळ ओढणारी. पहिला शब्द त्या चालीतच निघाला.

“गाऊ नकोस!” काम्बुआ ओरडली. “तुझं गाणं खूप ऐकलं. बोल. साधं बोल. काय झालं ते पहिल्यापासून सांग.”

कावाताने तोंड मिटलं. चालीशिवाय माणसांपुढे काही सांगायची तिला सवय नव्हती. शब्द हाताला लागेनात, अंधारात भांडी शोधावी तसे. घराच्या आतून लेकरू रडलं. काम्बुआने मान वळवून त्याला गप्प केलं, आणि पुन्हा कावाताकडे पाहिलं. कुंपणाचं दार तिने उघडलं नाही, आणि ती आतही गेली नाही.

“महिन्यापूर्वी,” कावाता म्हणाली, आणि थांबली. “महिन्यापूर्वी न्थेन्याने मला नव्या गाण्याचा कागद वाचून दाखवला. त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. विचारला नाही. माझं तिथे चुकलं.”

काम्बुआने हातातला मोबाईल बंद केला.

“पुढे?” ती म्हणाली.